सायकलीतले पाय

"सर, सायकलनं माणूस ओळखला तर?"

मागच्या बाकावरून आलेला तो आवाज शर्वरीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. नुकता फुटलेला, अर्धा पोराचा, अर्धा बाप्याचा. हायस्कूलच्या लांबड्या हॉलमध्ये आठवी ते दहावी एकत्र बसवली होती आणि विज्ञानाच्या चौगुले सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सायकलला मोटर लावली, आता पुढे काय?' त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनाचा विषयच तो होता.

पोरांनी गिल्ला केला होता. "सर, विहिरीचं पाणी उपसायचं!" "सर, भात मळायचं!" "सर, मिरची कुटायची!" "सर, तुम्ही दिसला की आपोआप मागं वळायची सायकल!" सर सगळं हसत हसत फळ्यावर उतरवत होते. तेवढ्यात शर्वरीचा दादा, दहावीतला धैर्यशील, उभा राहून हे बोलला.

"ओळखून काय करंल ती? चहा पाजंल?" सर म्हणाले. हॉल खदखदला.

"न्हाई सर. माणूस दमला की त्याच्यासारखंच ढकलंल. त्याचेच पाय त्याला परत दिल."

सरांचा खडू तिथंच थांबला होता.

कातळवाडीचं ते पोर काही हुशारीत पहिलं येणारं नव्हतं. पण त्याच्या घरात सायकल म्हणजे चौथं माणूस होतं. बाप लहानपणीच गेलेला. आई, सुवर्णा, खिंडीपलीकडच्या काजू फॅक्टरीत बिया फोडायला जायची. टरफलातल्या तेलानं तिच्या बोटांची सालं निघायची, आणि सकाळ-संध्याकाळ खिंडीचा चढ चढून पोटऱ्यांचे दगड व्हायचे. तो चढ दादाच्या डोक्यात बसला होता.

शास्त्र तसं सरळ होतं. मोटर लावलेल्या सायकली गावात पुष्कळ झाल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या पारावर चार्जिंगचा खांब आला होता, मिठापासून केलेल्या स्वस्त बॅटऱ्या आल्या होत्या. पण त्या सायकली सगळ्यांना सारखाच हात देत. पेडल मारणारा पैलवान असो की बाळंतीण, मोटर आपली एकाच सुरात घूं करायची. दादाचं म्हणणं असं, की प्रत्येकाचा पाय वेगळा बोलतो. पेडलच्या एका फेरीत पाय कुठं जोर धरतो, कुठं सोडतो, उजवा किती दाबतो, डावा किती, याची एक नागमोडी रेघ निघते, आणि दोन माणसांची रेघ सारखी निघत नाही. जात्यावर बसलेल्या दोन बायकांची घरघर सारखी असते का?

ती रेघ पकडायला पेडलच्या आसाला केसासारखी पातळ धातूची पट्टी चिकटवली होती. जोर पडला की पट्टी किंचित ताणायची, ताणली की तिच्यातनं जाणारी वीज जराशी बदलायची. तो बदल नखाएवढी एक चिप वाचायची आणि त्यावरून माणूस शिकायची. तिला ना टॉवर लागायचा ना इंटरनेट. एकदा एका माणसाचे पाय शिकली, की मग दुसरं कुणीही बसू दे. ती बसणाऱ्याचा जोर मोजायची, शिकलेल्या माणसाचा जोर आठवायची, आणि दोन्हींत जेवढी तूट असेल तेवढंच मोटरीतनं ओतायची. बसणारा ताजा असला तर मोटर गप्प. तो जसजसा दमेल, तसतसा आतला माणूस जागा व्हायचा.

जोडणी दादाची, चिपला शिकवायचं काम शर्वरीचं. खोट एकच होती. शिकलेलं सगळं ती चिप विजेच्या धुगधुगीवर धरून ठेवायची. सेल पार उतरला की पाटी कोरी. त्याला वेगळी साठवण जोडायची राहिली होती.

"जोडू की ग प्रदर्शनाच्या आधी," दादा म्हणायचा. "तवर तू सेल उतरू दिऊ नको म्हंजे झालं, शरे."

प्रदर्शनाच्या आधी भातलावण आली. दादा चिखलात उतरला, कुठं पायाला खरचटलं होतं, त्यातनं उंदराच्या मुताचा तो ताप अंगात शिरला. डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. आई आणि शर्वरी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिल्या. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडं कोण बघणार? पाऊस लागून राहिला होता, आणि धैर्यशील गेला.

दादाचे दिवस झाल्यावर शर्वरीनं सायकलला वीज जोडली. छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'चालक नाही.' तिनं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दादा दोन्हीकडनं गेला होता.

तिनं पडदा फडक्यानं झाकला. आणि नेमकी तेव्हाच आई दाराशी आली. किती दिवसांत तिनं अन्नाला नीट हात लावला नव्हता, केसाला फणी लावली नव्हती. चौकट धरून ती म्हणाली, "शरे, त्याचं पाय हायत न्हवं यात? तूच सांगितलंतास. आपुन दमल्यावं सायकल त्याच्यासारखी चालती म्हणून."

शर्वरीच्या जिभेवर खरं आलं होतं. आईच्या डोळ्यांकडं बघून ते परत फिरलं.

"हायत," ती म्हणाली. "पण पावसानं बिघडलीया. दुरुस्त करते, मग बस."

मग आईला फॅक्टरीतून सुट्टी होती तोवर रोज पहाटे शर्वरी सायकल घेऊन चढावर जायची आणि पेडल मारायची. स्वतःच्या पायांनी, पण स्वतःसारखी नव्हे. लहानपणी दादा फणसावरून पडला होता. डावी नळी मोडून जुळली होती. तेव्हापासून त्याचा डावा पाय पेडल खाली जाता जाता जरा अंग चोरायचा आणि उजवा त्याचं ओझं उचलायचा. एक लांब हेलकावा, एक आखूड. इतकी वर्षं ती त्याच्या मागं कॅरिअरवर बसून शाळेला गेली होती. तो हेलकावा तिच्या मणक्यात मुरला होता. तिनं डोळे मिटले आणि कॅरिअरवर बसल्याची आठवण करत पुढं बसून पेडल मारलं. एक लांब, एक आखूड. चिप शिकत गेली. तिनं साठवणही जोडली. आता सेल उतरला तरी हे पुसणार नव्हतं.

आई पहिल्यांदा बसली तो दिवस. खिंडीच्या पहिल्या वळणापर्यंत तिनं कशीबशी पेडलं रेटली. तिथं पाय थकले आणि मोटर जागी झाली. एक लांब, एक आखूड.

आई ओरडलीच. "धैर्याऽ! माझा धैर्या ग ह्यो! डावा पाय बघ कसा चोरतोय लबाड!"

त्या संध्याकाळी तिनं भाकरी खाल्ली. सायकलच्या सीटवरनं तिनं किती वेळ हात फिरवला, आणि शर्वरी भिंतीशी बसून तो हात आपल्याच पाठीवरनं फिरतोय असं धरून चालली. असा हात तिच्या पाठीवर कधी पडला होता, तिला आठवेना. आई वाईट नव्हती. थोरला पोरगा घराचा खांब असतो, त्याला धरून उभं राहावं लागतं. धाकटी मुलगी आपली उभीच असते. सायकलीतले पाय दादाचे नव्हेत, हे सांगायचं नाही, असं शर्वरीनं तेव्हा ठरवलं. आणि खरं बोलायचं तर तिला ते सांगायचंही नव्हतं. आईच्या तोंडून निघालेली 'माझा धैर्या' ही हाक तिच्या वाट्याला आलेली पहिलीच माया होती, मग ती दुसऱ्याच्या नावावर का असेना.

आई पुन्हा कामाला लागली. पुन्हा गाऊ लागली. काजू फोडताना पूर्वी ती ओव्या म्हणायची, आता सायकलवर म्हणायची.

*खिंडीचा बाई चढ, उन्हानं ग तापविला*
*माझ्या ग बाळानं, पाठीशी हात लाविला*

पुढच्या वर्षी शर्वरीनं ती सायकल प्रदर्शनात मांडली. तालुक्याला पहिली आली, जिल्ह्याला पहिली आली. आणि मग कातळवाडीच्या त्या अंगणात माणसं यायला लागली. मेलेल्यांच्या पायांची गोष्ट पंचक्रोशीत पसरली होती. कुणी बापाची जुनी चप्पल घेऊन आलं, तिच्यातनं पाय निघतील का विचारायला. कुणी पोटुशी बाई आली, नवरा सीमेवर जाणार होता, त्याचे पाय आधीच भरून घे म्हणाली. शर्वरीनं तिच्या नवऱ्याला चढावर पिटाळलं, आणि तो घामाघूम होऊन परत आला तेव्हा ती बाई पदर तोंडाला लावून रडत होती. तो अजून गेलाही नव्हता.

गावातले रंगराव आण्णा आपल्या बायकोला घेऊन आले.

"माझं पाय ठेवून घी, पोरी. मी गेल्यावं हिला चढाला कोण ढकलायचं?"

बायको फणकारली. "जित्तेपणी कवा ढकललं न्हाईसा, म्हातारं. भाकरी थापताना पाट सुदीक सरकवला न्हाई. आता मेल्यावं पुळका?"

अंगण हसलं. आण्णाही हसले. शर्वरी हसू शकली नाही. तिला वाटलं, माणसं जिवंतपणी देत नाहीत ते मेल्यावर द्यायची सोय मी करून ठेवली. चौगुले सर मात्र हरखले होते. राज्य प्रदर्शनाला नागपूरला जायचं होतं. तिथं मोठमोठे शास्त्रज्ञ येणार होते.

तोवर घरात वेगळंच सुरू झालं होतं.

आईला सोमवार होताच. मग गुरुवार धरला. मग शनिवार. मग संकष्टी, प्रदोष, एकादशी, आणि जे वार उरले त्यांना कुठल्या ना कुठल्या देवाचं नाव चिकटलं. आधी शर्वरीला वाटलं, दुःख आहे, देवाकडं वळलीय, वळू दे. एक दिवस ती दाराशी आली तर आई सायकलवर बसता बसता गात होती.

*भरल्या पोटी बाई, वाट मुक्यानं ग जाते*
*उपाशी मी निघाले की, लेकासंगं वाट गाते*

शर्वरीच्या हातातनं कळशी सुटली.

आईला ते कळलं होतं. चौथी शिकलेल्या बाईनं चिपचं शास्त्र स्वतःच्या पोटऱ्यांतनं ओळखलं होतं. जेवून निघालं की पायात जोर असतो, मोटर गप्प राहते. पोट रिकामं असलं की पाय लवकर मोडतात, आणि पोरगा लवकर येतो. जेवढी भूक मोठी, तेवढा तो जास्त. यंत्राला हे काय ठाऊक? त्याला तूट भरायला शिकवलं होतं, ते तूट भरत होतं. तूट मुद्दाम करणारी आई असू शकते, हे दादाच्याही डोक्यात आलं नव्हतं आणि शर्वरीच्याही.

"आई, जेव," ती म्हणायची.

"उपास हाय."

"कुणाचा?"

"मला ठाव हाय कुणाचा."

आईची मैत्रीण मालू मावशी, फॅक्टरीत तिच्या शेजारच्या पाटावर बसणारी, एकदा शर्वरीला गाठून म्हणाली, "पोरी, तुझी आई आज बिया फोडता फोडता आडवी झाली. शुद्धीवर आली ती पहिलं काय इचारती? सायकल कुठाय म्हणून! मी म्हटलं, बाई, तुझ्या त्वांडात घालायला मी गूळ धरलाय, तो गिळ आधी. तर थुकली! माज्या तोंडावं थुकली! तवा मला रडू आलं बग."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी आईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, छातीला यंत्र लावलं, आणि शर्वरीला बाहेर बोलावलं.

"रक्तच नाहीये अंगात. हृदयाचा ठोका चुकतोय. चढ पूर्ण बंद आणि जेवण आजपासून सुरू. हे असंच चाललं तर त्या एक दिवस चढावरच राहतील. तुला कळतंय ना मी काय म्हणतेय?"

"कळतंय."

"घरात मोठं कोण आहे?"



घरी येऊन तिनं सायकल उघडली. मोटरची मदत निम्म्यावर आणली. विचार असा, की तो कमी आला तर आईचा नाद कमी होईल. दुसऱ्या दिवशी आई चढावरून परतली ती चेहरा काळवंडून. अंगणात सायकल टेकवून तिथंच खाली बसली.

"धैर्या अंग चोरतोय ग. आज पैल्यासारखा आला न्हाई. माझंच कायतरी चुकलं असणार. काल मी च्या प्याले, त्यो त्याला रुचला नसणार."

त्या दिवसापासून तिनं पाणीही सोडलं. शर्वरीनं आई झोपलेली बघून मदत पुन्हा पूर्ववत केली. पाणी पुन्हा सुरू झालं, घोटभर. भाकरी नाही.

सगळं पुसून टाकणं तिच्या हातात होतं. एक बटण दाबायचं, आणि पडद्यावर पुन्हा 'चालक नाही'. कितीदा तिचं बोट तिथं गेलं. पण आईच्या लेखी त्यानं तिचा पोरगा दुसऱ्यांदा मेला असता, आणि पहिल्या वेळी ती कशीबशी वाचली होती. खरं सांगावं? सांगितलं तर तो मेला एवढंच नव्हे, तो कधी परत आलाच नव्हता, हे सांगावं लागणार. वर्षभर गायलेली प्रत्येक ओवी खोटी, असं तिच्या तोंडावर म्हणावं लागणार. शर्वरी रात्री आईचा श्वास मोजत पडून राही.

शेवटी तिनं भित्र्या माणसाचा मार्ग धरला. चौगुले सरांना जाऊन म्हणाली, "सर, सायकल नागपूरला जरा लवकर न्या. आणि जरा जास्त दिवस ठेवा."

सरांनी तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं. "आईला विचारलंस?"

"तिला मी सांगते."

तिनं सांगितलं. आई चुलीशी बसली होती. ऐकून घेतलं, राखेत बोट फिरवत राहिली.

"किती दिस?"

"थोडेच. येईल की परत."

"तवर मी काय करू?"

"तवर तू जेव," शर्वरी म्हणाली. "एवढंच कर, आई. तवर नुसतं जेव."

आईनं राखेतलं बोट पदराला पुसलं. शर्वरीला वाटलं, ऐकलं तिनं.

ठरल्या सकाळी सर शाळेचा टेम्पो घेऊन आले तेव्हा गोठ्याची भिंत मोकळी होती. चूल थंड. टोपलीत कालची भाकरी फडक्याखाली तशीच, पाण्याचा तांब्या काठोकाठ. मालू मावशी धापा टाकत रस्त्यावरनं आली.

"आगं, खिंडीकडं गेली! काल सकाळधरनं पाण्याचा थेंब न्हाई त्वांडात. मी वाट अडवली, तर म्हणती, मालू, सरक, आज त्याला शेवटचं भेटते, पुरा भेटते. पुरा म्हंजे काय ग? शरे, पुरा म्हंजे काय?"

शर्वरीला कळलं पुरा म्हणजे काय. आईच्या पायातला जोर शून्यावर आला, की मोटर पूर्ण दादा होते.

"सर, चला!"

टेम्पो विजेवरचा, चढाला नेटका पळाला. दुसऱ्या वळणावर आई दिसली. इतकी बारीक, की सायकलवर लुगडं वाळत घातलंय असं वाटावं. सरांनी हॉर्न दिला. आईनं मागं बघितलं, टेम्पो ओळखला, आणि हँडल डावीकडं वळवून जुन्या रस्त्याला लागली. तो रस्ता दरड कोसळल्यापासून बंद होता. तोंडाशी दगड लावले होते. सायकल त्यांच्यामधनं गेली, टेम्पो जाणार नव्हता. नव्या रस्त्यापेक्षा तो चढ कितीतरी उभा, आणि वर जाऊन जिथं डोंगर खचला होता तिथं रस्ताच तुटलेला.

"शर्वरी, थांब, मी येतो!" सर ओरडले. पण तिनं आधीच उडी मारली होती.

ती पळत सुटली. डांबर उखडलेलं, खडी पायाखालून निसटत होती. पुढं आई दिसत होती आणि मोटरचा आवाज ऐकू येत होता. आता तो कुणाच्या मदतीचा आवाज नव्हता. आईचे पाय पेडलवर नुसते ठेवलेले होते, पेडल त्यांना फिरवत होतं. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. पळता पळता शर्वरीला त्यात काहीतरी ऐकू आलं. दादाचा डावा पाय पेडल अगदी तळाला जाताना अंग चोरायचा. हा जरा आधीच चोरत होता. तेव्हा पहाटे डोळे मिटून पेडल मारताना तिनं जी घाई केली होती, ती घाई. आई रोज त्या चुकीवर जीव ओवाळत होती.

"आई! उतर!"

"येऊ नगंस!" आईचा आवाज वाऱ्यात फाटक्या कापडासारखा आला. "वर पोचले की त्यो पुरा येतोय!"

"पुढं रस्ता न्हाई, आई!"

"त्याला ठाव हाय रस्ता!"

सायकल डुलायला लागली. आईचं डोकं एका बाजूला कललं, सावरलं, पुन्हा कललं. ओठ पांढरे, त्यांच्यावर तडे. शर्वरीच्या छातीत आग पेटली होती, तरी तिनं शेवटचं अंतर तोडलं आणि दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं. टाचा खडीत रुतवल्या. मोटर ओढत होती. तूट भरायची हे तिचं एकच काम, आणि मागं ओढणारे हातही तिला तूटच वाटले. ती आणखी जोर करायला लागली. आई पुढं, मोटर पुढं, आणि शर्वरीच्या पायाखालनं खडी घसरत होती, वर, तुटल्या कडेकडं.

तिनं एक हात सोडला, सीटखालची वायर चाचपली आणि हिसकली. मोटर एकदम गप्प झाली.

त्या शांततेत आई ओरडली तशी ती दवाखान्यातही ओरडली नव्हती. सायकल जाग्यावर थबकली. आईनं हँडल सोडलं नाही, सीटवरनं उतरली नाही. पाय टेकवायचंही बळ नव्हतं, शर्वरीनंच कमरेला मिठी मारून तिला सरळ धरलं होतं.

"सोड! जोड ती वायर! सोड म्हणते न्हवं!" तिच्या मुठी शर्वरीच्या हातावर पडत होत्या. पडत होत्या म्हणजे नुसत्या टेकत होत्या. "तुला काय कळायचं? त्यो गेला तरी मला ढकलतोय. तू जित्ती असून कवा हात लावलास? कवा ढकललंस ग मला? कवा?"

शर्वरीनं आईच्या पाठीला कपाळ टेकलं. त्या पाठीत हाडांखेरीज काही उरलं नव्हतं. हृदयाचा ठोका तिच्या कपाळाला लागत होता, लागत होता, मधेच चुकत होता.

"दादा पुसला गेला, आई," ती म्हणाली.

आईच्या मुठी थांबल्या.

"त्यो तापात होता तवाच सेल उतरला. काय उरलं न्हवतं सायकलीत. तू दारात उभी राहून इचारलंस, मला न्हाई म्हणवंना. मग पहाटेचं मी चालवली, त्याच्यागत पाय टाकून, डावा चोरून. त्याच्यात मी भरलीया. पैल्या दिवसापास्नं."

"खोटं."

"ह्यो चढ तुला वर्षभर मीच ढकलतीया."

"खोटं बोलतीस."

"उपाशी राहून तू ज्याला बोलवतीस ना, ती मी हाय," शर्वरी म्हणाली. "मी घरातच असते, आई."